बेटावरची पाणमांजरं

बेटवाडी, ता. नेवासा
१२ नोव्हेंबर १९७१

चि. चांगुणास अनेक आशीर्वाद.

आधी एक शीळ यायची, बारीक, पाण्यावरून घसरत आल्यासारखी. मग पलीकडच्या काठावरून तिला उत्तर. मग दोघींच्या मध्येच कुणीतरी दाबून हसल्यासारखी किचकिच. आमची शाळा तेव्हा घाटावरच्या पिंपळाखाली भरत असे. पंतोजी श्लोक सांगायचे, आम्ही माना हलवत तो ओढून म्हणायचो, आणि चरणाच्या शेवटी नेमकी बेटावरून ती शीळ. पंतोजींना वाटायचं, मागच्या रांगेतलं कुणी तोंडानं वाजवतंय. मागच्या रांगेत मी. पाणमांजरांच्या वाटणीच्या इतक्या छड्या मी खाल्ल्या आहेत की त्यांनी मला ओळखायला हवं. पण खरं सांगू का, ती शीळ वृत्तात बसायची. जिथं आपण श्वास घ्यायला थांबतो तिथंच यायची. पुढं चाळीस वर्षं मी शिकवलं, पण कवितेत थांबायचं कुठं हे मला त्या पाणमांजरांनी शिकवलं असं मी मानतो.

तुझं पत्र आलं तेव्हा मी ओट्यावर जुनी क्रमिक पुस्तकं उन्हाला घालत होतो. पाकिटावरचं अक्षर पाहूनच ओळखलं. 'ण' अजून तसाच काढतेस, पोट सुटलेला. तुझी आई मनकर्णा मला एकदा म्हणाली होती, गुरुजी, हिला शिकवून काय कलेक्टर करायचंय का? कलेक्टर नाही, पण नदीकाठच्या रानांची पाहणी करणारी बाई झालीस. माझ्या शाळेतून दुसरं कुणी एवढ्या लांब गेलं नाही.

बेट अजून तसंच आहे. पुराचं पाणी बुंध्यापर्यंत येतं, ओसरतं, आणि मागं गाळ ठेवून जातं. त्या गाळावर बाभळी, करंज, शिंदी आणि लव्हाळं माजलीत. आत शिरलं की दुपारीसुद्धा सावली हिरवी लागते.

तू विचारतेस, पाणमांजरं अजून आहेत का? बहुधा आहेत.

तुझा,
कोंडीराम मास्तर


पुणे
२४ नोव्हेंबर १९७१

आदरणीय गुरुजी,
सविनय जयभीम.

पत्र मिळालं. दोन पानांत पिंपळ, पंतोजी, छड्या आणि माझा 'ण' आहे. मी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर शेवटच्या ओळीत आहे आणि ते 'बहुधा' आहे. गुरुजी, अहवालात 'बहुधा' लिहिता येत नाही.

आमच्या साहेबांचं म्हणणं, कातड्यापायी प्रवरेवरची पाणमांजरं कधीच मारून संपली. मी भर बैठकीत म्हणाले की बेटवाडीला आहेत, आई खालच्या घाटावर धुणं धुवायची तेव्हा मी ऐकलीत. साहेब म्हणाले, ठीक आहे, मग तो पट्टा तुम्हीच बघा. आजवर मी दुसऱ्याच्या पाहणीत मदतनीस होते. ही पहिली माझी एकटीची. मार्चअखेर अहवाल द्यायचा आहे.

पैठणकडचं धरण भरलं की तुमच्याकडची खालची गाळाची मळई बुडेल. नकाशात बेटाचा वरचा भाग पाण्याबाहेर राहतो. तिथं पाणमांजरं आहेत असं सिद्ध झालं तर ते रान राखून ठेवावं अशी शिफारस मला करता येते. नाही झालं तर लिलाव होईल आणि त्या बाभळींचा कोळसा होईल. एवढं सरळ आहे.

मला सुट्टी फेब्रुवारीशिवाय नाही. तोवर एवढं करा. बेटाच्या काठाचे पाच भाग पाडा, अ, ब, क, ड, इ. जिथं भाग बदलतो तिथल्या झाडाला चुन्याचा पट्टा ओढा. रोज सकाळी ओल्या गाळावर पाऊल बघा. बोटं पाच आणि मध्ये पडदा. त्याचं माप घ्या. दगडावर विष्ठा सापडेल, तीत माशांची खवलं आणि खेकड्याची कवचं असतात. ती उन्हात खडखडीत वाळवून कागदात बांधा, वर जागा लिहा.

आणि गुरुजी, कविता नकोत.

आपली,
चांगुणा


बेटवाडी
१९ डिसेंबर १९७१

चि. चांगुणास आशीर्वाद.

काम जोरात आहे. काठाचे पाच भाग पाडले. तू अ, ब, क म्हटलं होतंस, पण ती नावं झाली का? नदीला काय वाटेल? जिथं प्रवाह नागमोडी आहे त्याचं नाव भुजंगप्रयात ठेवलं. पुढं पाणी संथ होतं ती मंदाक्रांता. मग पृथ्वी, तिथं चिखल फार. वसंततिलकेत करंज आहेत. शेवटचं शार्दूलविक्रीडित. नाव मोठं आहे, पण तिथं गावातली कुत्री खेळतात.

सोबत पुडक्या पाठवल्या आहेत. प्रत्येकीवर वृत्ताचं नाव आहे. पावलाचंही एक चित्र काढलंय. कागदाच्या पाठीवर चार ओळी सुचल्या त्या लिहिल्या, त्यामुळं माप लिहायला जागा उरली नाही. पण पाऊल साधारण माझ्या तळहातात मावेल एवढं.

पार्सल पाठवताना नेवाशाच्या पोस्टात घोळ झाला. लढाई नुकती संपलेली, पोस्टमास्तर अजून तोऱ्यात. पार्सल उघडा म्हणाले. उघडलं. काय आहे? म्हटलं, शी आहे. कुणाची? म्हटलं, तेच तर पुण्याला विचारतोय. रांगेतले लोक मागं सरकले. पोस्टमास्तरांनी हात न लावता शिक्का मारला.

गावात आता मला मान आहे. चुन्याची बादली घेऊन बेटावर निघालो की ओट्याओट्यावरून विचारणा होते. गहिनीनाथ, आमचा शेजारी, तर रोज विचारतो, मास्तर, ही कसली खूण? त्याला काय सांगायचं? म्हटलं, सरकारी पाहणी आहे, वेळ आली की कळेल. निवृत्त झाल्यापासून इतक्या आदरानं माझ्याकडं कुणी पाहिलं नव्हतं.

तुझा,
कोंडीराम मास्तर


पुणे
८ जानेवारी १९७२

आदरणीय गुरुजी,
सविनय जयभीम.

पार्सल साहेबांच्या टेबलावर आलं आणि त्यांनी ते चहाच्या वेळी उघडलं. बाकीचं मी लिहीत नाही.

भुजंगप्रयातातली पुडी मुंगसाची. पृथ्वीतली कोल्ह्याची, तीत बोरांच्या बिया आहेत. शार्दूलविक्रीडितात जे आहे ते कुत्र्याचं आहे हे तुम्हालाही माहीत होतं, मग पाठवलंत कशाला? पावलाच्या चित्राला सहा बोटं आहेत. साहेबांनी मागची कविता मोठ्यानं वाचली आणि मला विचारलं की हे तुमचे क्षेत्रनिरीक्षक का? मी हो म्हणाले.

पण मंदाक्रांतेतली पुडी खरी आहे, गुरुजी. खवलं, कवचं, सगळं. साहेबांनी भिंग मागवून घेतलं. मग म्हणाले, ही जुनी आहे, बुरशी आलेली आहे, आणि एका पुडीवर रान राखून ठेवत नसतात. प्राणी प्रत्यक्ष पाहिलेला हवा, नाहीतर राहतं बीळ हवं. पाहणारा मास्तरांखेरीज दुसरा कुणी हवा, हे त्यांनी दोनदा सांगितलं.

मी २ फेब्रुवारीला येते, आठ दिवस राहीन. पाणमांजर फार बुजरं. तोवर बेटावर कुणी फिरकणार नाही एवढं बघा. तुम्हीसुद्धा जाऊ नका. एवढी एकच गोष्ट मागते.

आपली,
चांगुणा


बेटवाडी
२४ जानेवारी १९७२

चि. चांगुणास आशीर्वाद.

येऊ नकोस. म्हणजे ये, पण इतक्यात नको.

सगळं गाव बेटावर राहायला गेलं आहे.

कसं झालं ते सांगतो. धरणात गेलेल्या गावांत म्हणे आधी झाडांना चुना लागला, मग त्यांची मोजणी झाली, मग झाडागणिक भरपाई मिळाली. माझे पट्टे पाहून गहिनीनाथानं ताडलं की आपल्याकडं मोजणी आली. आणि माझं ते वाक्य, वेळ आली की कळेल. त्यानं ते घरोघर नेलं. बेट सरकारी आहे, पण बाभळीच्या शेंगा वेचायची घराघरांची वहिवाट आहे ना, अमक्या झाडाखाली अमक्याच्याच शेळ्या. ती वहिवाट आता मालकी झाली. ज्यानं त्यानं आपापल्या झाडाला चुना फासला आणि ते कुणी लाटू नये म्हणून खाली बसून राहिला. भुजंगप्रयातात बाजा टाकल्यात. वसंततिलकेत चुली पेटल्यात. पृथ्वीत गहिनीनाथानं पेरूची रोपं लावली, फळझाडाला जास्त मिळतं म्हणे. तुझ्या ओळखीची झुंबरबाई सगळ्यांशी भांडून मंदाक्रांतेच्या पार टोकाला गेली, तिथली सगळ्यात जाड बाभूळ तिनं धरली आणि आसपास कुणाला बसू देत नाही.

मी रोज सांगतो, बाबांनो, हे पाणमांजरांसाठी आहे. काल झुंबरबाई सगळ्यांदेखत म्हणाली, "मास्तर, तुमी शिकलेले मानूस. मांजरासाठी कुनी झाडाला चुना लावतंय व्हय? लपवायचं तर नीट तरी लपवा."

लोक हसले. मग काकासाहेब सरपंचांनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, एका बाभळीला साधारण काय धरलंय?

पाणमांजरांचं काही दिसत नाही. शीळ ऐकू येत नाही. शेळ्या ओरडतात.

तुझा,
कोंडीराम मास्तर


पुणे
२६ फेब्रुवारी १९७२

आदरणीय गुरुजी,
सविनय जयभीम.

बेटवाडीहून परत आल्यापासून लिहिलं नाही, कारण जे लिहिलं असतं ते गुरुजींना लिहायचं नसतं.

माझे आठ दिवस तुम्ही पाहिलेत. पहाटे दुर्बीण घेऊन बसावं तर समोर कुणीतरी दात घासतंय. झुंबरबाईंच्या टोकाला तर त्यांनी मला पाऊलच टाकू दिलं नाही, मोजणी सगळ्यांची एकदम होईल म्हणाल्या. मी भरपाईवाली नाही हे ज्याला सांगावं तो डोळा मिचकावतो. काकासाहेबांच्या ओट्यावर मला खुर्ची दिली. त्या ओट्याखाली उभी राहून माझी आई सांगावा द्यायची. मला चहा गोड लागला नाही, पण तुम्ही आनंदानं बघत होतात म्हणून प्यायले.

निघताना मी सगळ्यांना पत्ता लिहून दिला. पाणमांजर दिसलं तर कार्ड टाका, एवढंच म्हणाले. आता कार्डं येतात. 'बाभळी नग सात, करंज नग दोन, मंजूर होण्यास विनंती.' 'गहिनीनाथाचे पेरू नंतर लावलेले आहेत, चौकशी व्हावी.' एकानं आपल्या भावाची झाडं खोटी असल्याचं कळवलंय, खाली भावाचं कार्ड त्याच टपालानं आलंय. साहेबांनी गठ्ठा माझ्यासमोर ठेवला आणि विचारलं, चांगुणाबाई, आपण नक्की कोणत्या खात्यात काम करता?

इतक्या वर्षांत मला ऑफिसात कुणी हसलं नव्हतं. माझ्या नोकरीचा करार जूनमध्ये संपतो. तो पुढं चालू ठेवायचा की नाही हे या अहवालावर ठरेल, हे मी तुम्हाला सांगणार नव्हते.

लोकांना बेटावरून उठवा. कसं ते मला विचारू नका. नाहीतर ३१ मार्चला मी 'आढळले नाही' असं लिहीन, आणि ते खरंच असेल.

आपली,
चांगुणा


बेटवाडी
१४ मार्च १९७२

चि. चांगुणास आशीर्वाद.

कराराचं आधी सांगायला हवं होतंस. तुझं पत्र वाचून मला जेवण गेलं नाही. उठलो, ओलं पोतं घेतलं आणि भर दुपारी बेटावर जाऊन झाडांचा चुना पुसायला लागलो. म्हटलं खूणच राहिली नाही तर लोक आपोआप घरी जातील. वसंततिलका पुसून होईपर्यंत ओरडा झाला की मास्तर नोंद पुसतोय. पोतं हिसकावलं. मला धरून काकासाहेबांच्या ओट्यावर नेलं. पुसलेली झाडं कुणाची, का पुसली, कुणाकडून काय घेतलं, असं सगळं. ज्यांना मी बाराखडी शिकवली ते विचारत होते. शेवटी ठरलं की मास्तरांनी आपल्या खर्चानं पुन्हा चुना लावून द्यावा. मी नाही म्हणालो. तेव्हापासून गवळी दूध घालत नाही आणि गहिनीनाथ कुंपणावरून बोलत नाही. झुंबरबाई तर मला पाहिलं की पदर तोंडाला लावून वाट सोडते. कोरा चहा पितो. त्याचं काही नाही.

पण आता एक आनंदाची गोष्ट. काल सकाळी मी स्वतः पाणमांजर पाहिलं. मंदाक्रांतेच्या पाण्यात ते डौलानं येत होतं. मान वेळावून त्यानं माझ्याकडं पाहिलं, शुभ्र पंखांसारखे तरंग मागं उमटत होते, आणि कमळाच्या देठाशी क्षणभर थांबून ते निघून गेलं. हे तू माझ्या सहीनं अहवालात घाल. हवं तर शपथेवर लिहून देतो. दुसरा साक्षीदार कशाला? मी चाळीस वर्षं मास्तर होतो.

तुझा,
कोंडीराम मास्तर


पुणे
३० मार्च १९७२

आदरणीय गुरुजी,
सविनय जयभीम.

हे पत्र मी दोन आठवडे लिहितेय आणि फाडतेय.

मान वेळावून, शुभ्र पंख, कमळाचा देठ. गुरुजी, हा कवितेतला हंस आहे. चौथीत तुम्ही तो आम्हाला पाठ करायला लावला होता आणि मी 'वेळावून'ला अडखळले म्हणून शाळा सुटल्यावर थांबवून घेतलं होतं. पाणमांजर मान वेळावत नाही. ते ओल्या लाकडासारखं दिसतं. आणि तुमच्या बेटावर कमळ एकही नाही.

मला राग आला, आणि राग आला याचंच मग वाईट वाटलं. तुम्ही जन्मात खोटं बोलला नाहीत आणि बोललात ते असं, दुसरीतलं पोरसुद्धा पकडील असं. माझ्यासाठी बोललात हे मला कळतं. पण मी ते लिहिणार नाही. पाहणीत एक ओळ खोटी घातली की पुढच्या कुठल्याच रानाबद्दल माझा शब्द कुणी धरणार नाही. तुम्हीच मला कधी खोटं लिहू दिलं नव्हतं.

अहवाल टाइप करून होत आलाय. यंत्र ऑफिसातून खोलीवर आणलंय, उद्या सकाळी साहेबांना द्यायचाय. शेवटचं पान यंत्रातच आहे. 'प्रवरा काठ, बेटवाडी: आढळले नाही.' पूर्णविराम दिलेला नाही, एवढंच. बेटाचं वाईट वाटतं. माझं काही नाही, मी कुठंतरी शाळेत लागेन. गवळ्याला मात्र मी कार्ड टाकलंय, की मास्तरांचं दूध बंद केलंत तर तुमच्या बाभळी मोजणीतून वगळण्यात येतील. हे खोटं आहे, पण ते अहवालात नाही. आजपासून दूध यायला हरकत नाही. तुम्ही

थांबा, खाली कुणीतरी मोठ्यानं माझं नाव घेऊन विचारतंय.

गुरुजी, दारात झुंबरबाई आल्या आहेत.

पहाटेच्या एस.टी.नं निघाल्या, नगरला गाडी बदलली, पुण्यात माझ्या पत्त्याचा कागद दिसेल त्याच्या हातात देत इथवर पायी आल्या. आधी ऑफिसात जाऊन, शिपायाशी भांडून, खोलीचा पत्ता काढून आल्या. आत या म्हटलं, पाणी दिलं, ते घेतलं. बसायला तयार नाहीत. चौकटीत उभ्या राहून म्हणतात, आधी तक्रार लिहून घे. मी कागद ओढला म्हणून हाच हाती आला. त्या बोलतात तसं उतरवून घेते.

"सरकारचं जनावर माझ्या बाभळीच्या मुळात घुसलंय. संक्रांतीपासनं बघतीय मी. काळं, ओलंकिच्च, शेपूट जाड. आता पिल्लं काढलीत तिथंच. मी भाकरी खाते तवा समोरच्या दगडावर मासे फोडत बसत्यात, माझी भीतीच न्हाई त्यास्नी. मुळं समदी उकरली. उद्या झाड आडवं झालं तर भरपाई कोन देनार, तू का मास्तर?"

मी विचारलं, मावशी, हे गुरुजींना का नाही सांगितलंत? ते तर रोज गावात हेच विचारत होते.

"मास्तरला कशाला सांगू? पुसून टाकील त्यो."

पिल्लं किती, कुठं, दिवसा दिसतात का, मी विचारत सुटलेय आणि त्या चिडल्यात. म्हणतात, इचारतीस काय, उद्याच्या गाडीनं चल आनि मोज. अंगठा दिलाय खाली. शाई सुकायची आहे. पान यंत्रातून काढून ठेवलं.

आता बसल्यात, पण उंबऱ्यातच. झाडाचं लिहून घेतलंस का, असं पुन्हा विचारतायत.